देवाला दिलेला खरा पत्ता

१२ जानेवारी

अ-खिम वहिनी, गुडघे कसे आहेत? काल जिना एका दमात चढलात, म्हणजे बरे असावेत. को अध्यक्ष, रक्तदाब काय म्हणतो? गोळी घेता आणि वर खारवलेला मासा खाता, माझं लक्ष आहे. मिंग-च्ये बाळा, पाठ थांबली का दुखायची? कारखान्यातल्या त्या खुर्चीतून उठत जा रे अधूनमधून. मधल्या गाभाऱ्यातले राजेदेव, आपल्या दाढीला कसर लागली होती, ती औषधानं गेली ना? वेदीखालचे वाघोबा, आज आपल्याला अंडं मिळालं? आणि कपाटातल्या सर्व्हरा, तुझा पंखा घरघरतोय. समुद्राचा वारा तुला बाधतो, ठाऊक आहे मला. माझं विचाराल तर बहात्तर वर्षांच्या माणसानं जेवढं ठीक असावं तेवढं ठीक आहे.

डायरीत कसली विचारपूस, असं कुणी म्हणेल. पण सैन्यात मी अख्ख्या तुकडीची पत्रं लिहून द्यायचो आणि प्रत्येक पत्र असंच सुरू व्हायचं. हात दुसऱ्या कशानं चालूच होत नाही.

वही उघडायचं कारण म्हणजे काम मिळालंय. आमच्यासकट किनाऱ्यावरच्या अकरा देवळांनी मिळून एकसारखे छोटे सर्व्हर घेतले. प्रत्येक देवळाची आपली वेबसाइट. पण सर्व्हरला कसं वाग म्हणून सांगायच्या आज्ञांचं पुस्तक सहाशे पानांचं आहे, आणि देवळं सांभाळणारे सगळे माझ्याच वयाचे. को अध्यक्ष समितीत म्हणाले, "अ-सुंग, तू बोटींचे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. तुला जे कळलं ते कुणालाही कळेल."

स्तुती होती की चिमटा, ते अजून ठरत नाही. पण मी हो म्हणालो. सहाशे पानांतून दहा नियमांची वही काढायची.

१५ जानेवारी

चार नियम झाले. पुस्तकात एक आज्ञा अशी समजावली आहे की समजावणाऱ्यालाही ती कळली नसावी. मी लिहिलं, 'ड्रॅगनच्या दारानं आत यायचं, वाघाच्या दारानं बाहेर जायचं, हे भक्तांना जसं सांगावं लागत नाही तसं सर्व्हरचं नसतं. त्याला सांगावं लागतं. ही ओळ म्हणजे ते सांगणं.'

वाचून माझं मलाच हसू आलं. छान जमलंय.

१९ जानेवारी

आज परीक्षा घेतली. भक्तांच्या नावानं वर्षभर दिवा तेवत ठेवायचा तर देवळात नाव नोंदवावं लागतं, त्या दिव्यांच्या खिडकीवर अ-खिम वहिनी बसतात. त्यांना जमलं तर सगळ्यांना जमेल. दोन ठिकाणी अडल्या.

पहिलं, कुलूप. दिव्यांच्या यादीच्या फोल्डरला मी पुस्तकाप्रमाणे पासवर्ड लावला होता. तीन आज्ञा आणि वर एक वेगळी फाइल. वहिनींनी पासवर्ड तीनदा चुकवला आणि चष्मा काढून ठेवला.

दुसरं, पानाचं नाव. फाइलचं पूर्ण नाव टाकल्याशिवाय ती उघडेना. "यादी-सन-एकशेआठ-भाग-दोन" असलं काहीतरी.

"अ-सुंग, सत्तावीस वर्षं मी या खिडकीवर आहे," त्या म्हणाल्या. "कपाट उघडलं की वह्या दिसतात. दिसली की काढते. तुझ्या कपाटाला आधी कुलूप, आणि उघडलं तरी आत काळोख. मला म्हातारीला घालवायचंय का इथून?"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग मी पुस्तक चाळून ती एक आज्ञा शोधली: कुणी पानाचं नाव न देता फोल्डरच्या दाराशी आलं तर आत जे जे आहे त्याची यादी समोर मांडायची. एकच ओळ. कुलपाच्या तिन्ही आज्ञा काढल्या, ही घातली. वहिनींनी बोट लावलं आणि सगळ्या फाइली ओळीनं उभ्या राहिल्या, वाघाच्या वर्षी जन्मलेले, सापाच्या वर्षी जन्मलेले, सगळे वेगवेगळे.

"हे कपाट!" वहिनी म्हणाल्या.

हाच सातवा नियम. ती ओळ मी दोनदा वाचून पाहिली हे खरं. पण दिव्यांच्या यादीत असतं काय? नाव, जन्मतिथी, जन्मवेळ, पत्ता. पुजारी हे सगळं देवापुढे मोठ्यानं वाचतो. वाचून दाखवायच्या गोष्टीला कुलूप कशाला?

२३ जानेवारी

दिवे लावून घ्यायला गर्दी. येतं वर्ष डुकराचं, त्यामुळे वाघाच्या वर्षी जन्मलेल्यांना ग्रह जड आहे.

दुपारी कालवं फोडायच्या शेडवरची यी-पिंग आली. सोबत सात वर्षांची युन. पिंग इथं आली त्याला दीड वर्ष झालं असेल. कामाला चोख, बोलायला कमी, उन्हाळ्यातही लांब बाह्या. कालवांच्या शिंपल्यांनी हात फार कापतात, म्हणून असेल. वहिनींनी अर्ज पुढे केला. पिंगनं नाव लिहिलं, तिथी लिहिली: वाघाचं वर्ष, सहावा महिना, चतुर्दशी, सशाची वेळ, म्हणजे पहाटे पाच ते सात. पत्त्यावर पेन थांबलं.

"मावशी, नुसतं गावाचं नाव चालेल?"

"अगं, दीड हजार घरं आहेत. देव काय दारोदार विचारत फिरणार का? पत्ता चुकला तर तुझा आशीर्वाद शेजारणीला जाईल, आणि ती आधीच काय कमी टुणटुणीत आहे!"

युन खुदकन हसली. पिंगही हसली, पण पेन तसंच. मग तिनं मला विचारलं, "काका, ही यादी कोण कोण बघतं?"

"देव आणि वहिनी," मी म्हणालो. "आणि वहिनींना चष्म्याशिवाय दिसत नाही."

तिनं गल्ली, घर क्रमांक, मागचं दार, सगळं लिहिलं. एक दिवा स्वतःचा, एक युनचा. वहिनी नंतर सांगत होत्या, तिनं दोन वर्षांपूर्वी नाव बदलून घेतलंय, आडनावसुद्धा आईचं लावलंय. ज्योतिष्यानं सांगितलं असेल. नाव बदलता येतं. तिथी कशी बदलणार, आणि देवापुढे तर नाहीच.

२८ जानेवारी

मिंग-च्येचा फोन. पुतण्या हुशार आहे, पण जिभेला हाड नाही. मी कौतुकानं वही पाठवली होती.

"काका, बाकी झकास. सातवा काढा."

"का रे?"

"तुम्ही दार काढून घेतलंय आणि उंबऱ्यावर आतल्या सामानाची पाटी लावलीय."

"आपल्या गावात दारं कोण लावतं?"

"गावात नका लावू. हे गाव नाहीये, काका. हा हमरस्ता आहे."

"अरे, त्या फोल्डरचा पत्ता माहीत कुणाला? वहिनी, मी, आणि दहा देवळांतले दहा म्हातारे."

"आणि वहीत छापलाय तो कुणासाठी?"

मी म्हटलं, तू जेव वेळेवर. फोन ठेवला. वही अकरा देवळांना गेलीसुद्धा. आता एक नियम परत मागायचा म्हणजे माझीच शोभा. शिवाय को अध्यक्षांनी ती आपल्या वेबसाइटवर टाकली, 'सर्वांसाठी उपयुक्त' म्हणून.

९ फेब्रुवारी

नववर्षाचे दिवस गेले. आज आनंदाची गोष्ट. वहीला पहिला वाचक मिळाला! ताय-चुंग शहरातून हंग नावाच्या गृहस्थांचं मेल आलं. तिकडे एका लहान देवळाची देखभाल बघतात. लिहितात, 'तुमच्यासारखं साधं कुणीच लिहिलेलं नाही. माझ्यासारख्या अडाण्यालासुद्धा एका बैठकीत समजलं.'

मी ते छापून काढून को अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, "बघ, कळलं ना कुणालाही?"

१२ फेब्रुवारी

हंग यांचे प्रश्न चांगले असतात, मुद्द्याचे. सातव्या नियमावर त्यांचं विशेष प्रेम. अकराही देवळांत तो सारखाच आहे का? हो, मी कळवलं. यादी नावांप्रमाणे लावता की जन्मवर्षाप्रमाणे? जन्मवर्षाप्रमाणे, कारण ग्रह वर्षाप्रमाणे जड होतो. यंदा वाघाच्या वर्षातल्यांची फाइल वेगळी असते का? असते. यादी नवी कधी होते? रोज, वहिनी खिडकी बंद करतात तेव्हा.

असा मन लावून शिकणारा माणूस या काळात मिळत नाही. मी त्यांना लिहिलं, कधी इकडे या, कालवांचं ऑम्लेट खाऊ घालतो.

१९ फेब्रुवारी, कंदिलांचा दिवस

हंग खरंच आले! ताय-चुंगची गोड सूर्यपोळी घेऊन, दोन डबे. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार करणारा. राजेदेवांपुढे तीन उदबत्त्या लावल्या, पण कौल घेतला नाही. मी म्हटलं, "काही विचारायचं नाही देवाला?" म्हणाले, "मला हवं ते मिळालंय."

ऑम्लेट खाताना त्यांनी माझ्या रेडिओच्या दिवसांबद्दल विचारलं, मीही बोलत सुटलो. निघताना म्हणाले, "इथं माझी एक दूरची बहीण राहते, जाता जाता भेटतो. पण या गल्ल्या म्हणजे जाळंच आहे." मी रुमालावर नकाशा काढून दिला: बर्फाच्या कारखान्यापाशी वळायचं, विहीर, मग तिसरी गल्ली, मागचं दार. मागचं दार त्यांनीच सांगितलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "डोळे नाही हसले त्याचे." वहिनींना शहरातली माणसं आवडतच नाहीत.

२१ फेब्रुवारी

तिसऱ्या गल्लीत पिंग राहते.

परवा संध्याकाळी त्यानं तिच्याच कालवं फोडायच्या सुरीनं तिला भोसकलं. पोटात एक, खांद्यावर दोन. डावा हात मोडलाय. युन शेजारी कंदील बघायला गेली होती म्हणून वाचली. तो पळाला. तिचा नवरा आहे. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोत तोच इस्त्रीचा शर्ट.

ती त्याच्यापासून लपून इथं राहत होती. अशा बायकांना आसरा मिळवून देणाऱ्या सरकारी बाईंना ठाऊक होतं, शाळेच्या मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. आणखी कुणाला नाही.

आज लिहवत नाही.

२४ फेब्रुवारी

सर्व्हर कोण आलं, कधी आलं, काय उघडलं, सगळं टिपून ठेवतो. तो माझा आठवा नियम: 'देवळातलं पाहुण्यांचं रजिस्टर.' आज ते रजिस्टर वाचलं.

एकच अनोळखी पाहुणा. ६ फेब्रुवारीला वहीचं पान. ६ फेब्रुवारीलाच फोल्डर. नंतर रोज संध्याकाळी, वहिनींनी खिडकी बंद केल्यावर पाव तासात, वाघाच्या वर्षाची फाइल. १२ तारखेला शेवटची. गर्दीत साचलेल्या अर्जांतला पिंगचा त्याच दिवशी यादीत चढला होता. त्यानंतर नाही. लागली नसेल गरज.

नाव बदललेलं, आडनाव बदललेलं. पण सहावा महिना, चतुर्दशी, सशाची वेळ. लग्नात पत्रिका जुळवली तेव्हा पाठ झालेली असणार. त्यानं बाकीच्या देवळांच्या याद्यासुद्धा चाळल्या असतील. अकरा कपाटं, अकराही उघडी, आणि किल्ली कशी वापरायची ते मीच उत्तरादाखल लिहून पाठवत होतो, 'आपला नम्र' म्हणून.

पोलिसांना रजिस्टरची प्रत दिली. तो तरुण हवालदार म्हणाला, "काका, तुम्हाला कसं कळणार?"

मिंग-च्येनं सांगितलं होतं. कळलं होतं मला. मला शोभा नको होती.

आमच्या यादीला कुलूप घातलं. वहिनी शेजारी बसून पासवर्ड पाठ करत होत्या, ओठ हलवत. एकदाही चुकल्या नाहीत.

१ मार्च

वहिनींनी जिताड्याचं सूप केलं, जखम भरायला. डबा घेऊन मी जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. 'पिंग, माझ्यामुळे.' एवढंच. दोन शब्द.

ती उशीला टेकून बसली होती. युन खुर्चीत पाय वर घेऊन झोपलेली. पिंगनं सूप घेतलं, अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणाले, सुरी बोटभर बाजूला गेली असती तर संपलंच होतं."

मी तोंड उघडलं.

"मावशी म्हणाल्या होत्या ना, पत्ता बरोबर लिही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी खोटा लिहिणार होते. लिहिला असता तर देव कुणाच्या दारात गेला असता? खरा लिहिला म्हणून आम्ही दोघी वाचलो."

आणि तिनं माझा हात धरला. उजव्या हातानं, त्यालाही पट्टी होती.

"आता कुठंही गेले ना, तर आधी दिवा लावीन. खऱ्या पत्त्यावर."

मी म्हणालो, "सूप गार होतंय."

हेच म्हणालो मी. बहात्तर वर्षांचा माणूस. डबा धुऊन घेतला आणि आलो.

४ मार्च

दहाही देवळांना मेल लिहिलं. खरं खरं लिहिलं: सातवा नियम चूक, माझी चूक, त्यापायी एक बाई मरता मरता वाचली, आजच्या आज ती ओळ काढा. कुलपाच्या आज्ञा सोप्या करून दिल्या नाहीत. जशा पुस्तकात आहेत तशा दिल्या आणि एकेका ओळीखाली ती का लागते ते लिहिलं. दहा नियमांची वही आता सव्वीस पानांची झाली. को अध्यक्षांनी वाचली. गोळी घेतली आणि मासा बाजूला सरकवला.

मिंग-च्येला फोन केला. वाटलं होतं बोलेल. तो म्हणाला, "काका, जेवलात का?" मला रडू आलं.

११ मार्च

इस्पितळात गेलो, तर खाट रिकामी. सरकारी बाई भेटल्या. दोघींना हलवलंय.

"कुठं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही विचारू नये."

खरं आहे. मी म्हटलं, "निरोप तरी द्याल? दिवा लावू नको म्हणावं. निदान पत्ता..."

"देईन," त्या म्हणाल्या. "पण तिला एवढा एकच आधार आहे. कारण काय सांगू?"

"नुसतं लावू नको म्हणा," मी म्हणालो. बाईंच्या हातात चाळीस फायली होत्या. निरोप पोचला की नाही, कोण जाणे.

तो अजून सापडलेला नाही.

१८ मार्च

आठ देवळांची उत्तरं आली. दोघांनी शिव्या घातल्या, ते बरं वाटलं. एका देवळाच्या म्हाताऱ्याला मी फोनवर चार तास एकेक अक्षर सांगून ओळ काढून घेतली. काल नववं उत्तर आलं. एक उरलं, दक्षिणेकडच्या मिठागरांच्या गावातलं. तिथले ओउ गुरुजी ऐकायला कमी, मेल पाहतात तर पाहतात.

तिथं फोन केला. वाजतच राहिला.

२२ मार्च

आज चौथ्यांदा फोन. या वेळी शेजारच्या चहावाल्यानं उचलला. गुरुजी पालखीबरोबर यात्रेला गेलेत, सोमवारी येतील. देवळात कोण? दिव्यांची खिडकी सांभाळणारी एक बाई. तिला संगणकातलं फक्त यादी भरणं येतं. संध्याकाळी पाच वाजता भरून, बंद करून ती जाते.

यादी भरणं येतं. माझ्या वहीमुळे येतं.

मग मी नको ते केलं. त्या देवळाचा पत्ता टाकला, मागे फोल्डरचं नाव टाकलं आणि काही न विचारता सगळ्या फाइली माझ्यापुढे उभ्या राहिल्या. वाघाच्या वर्षाची उघडली. बोट लावून खाली खाली गेलो. प्रत्येक ओळीला वाटत होतं, नसू दे. तोही असंच बोट लावून जात असेल, पण त्याला वाटत असेल, असू दे.

सहावा महिना. चतुर्दशी. सशाची वेळ.

नाव नवं. पत्ता पूर्ण, घर क्रमांकासकट. दिवा लावल्याची तारीख कालची.

सरकारी बाईंना फोन केला, लागला नाही, निरोप ठेवला. पोलिसांना सांगितलं, म्हणाले, तिथल्या चौकीला कळवतो. देवळात पुन्हा फोन केला, या वेळी चहावाल्यानंही उचलला नाही. तिकडची शेवटची बस गेली. को अध्यक्ष गाडी काढतायत, वहिनी मागे बसल्यात, हॉर्न वाजतोय. रस्ता तीन तासांचा. तिथला पासवर्ड माझ्याकडे नाही. ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे, हा माझाच नियम. गुरुजींच्या फोनवर हे पाठवलं, इथं उतरवून ठेवतो:

'ओउ गुरुजी, पालखी खांद्यावर असेल तर खाली ठेवा. सातवी ओळ काढा. येत नसेल तर सर्व्हरची वायर भिंतीतून उपटायला सांगा, चहावाल्याला सांगा, कुणालाही सांगा. यादीतली एक बाई आज राहत्या घरी झोपता कामा नये. कोण ते इथं लिहीत नाही. मी निघालोय, पण तो माझ्या आधी बघू शकतो. वाचलंत की एक शब्द लिहा, बंद झालं म्हणून. लवकर लिहा.'